मंगेशच्या गाडीतला पिवळा दिवा

त्या रविवारी भावेश खोडाळ्याला गेला तो बायकोला आणायला. दुसरं काही काम नव्हतं. कमू आठ दिवस बहिणीकडे भाताच्या झोडणीला गेली होती. झोडणी संपली. चार पोती भात आणि बायको गाडीत घालून पोशेऱ्याला परत यायचं, एवढंच. तारीखही सांगतो, सतरा नोव्हेंबर दोन हजार चोवीस. पुनव होऊन दोनच दिवस झालेले. अमावस्या नव्हती हे आधीच सांगतो, नाहीतर हा शेजारी बसलेला मुकेश मध्येच तोंड घालेल.

भावेश माझ्या ओळखीचा, म्हणजे गिऱ्हाईक. जव्हारला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं ना, तिथलं. ती शेकोटी जरा पुढं ढकल रे. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. चौदा वर्षांची. ती होती मंगेशची. मंगेश हा कमूचा पहिला नवरा, तळहातावर सदा तंबाखू-चुना. भात कापताना साप चावून तो गेला, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुढं वर्षभरानं कमूनं भावेशशी पाट लावला. आपल्याकडं त्यात कोणी नाक मुरडत नाही. भावेश वांगणीचा, भिवंडीला दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. बायको मिळाली, घर मिळालं, गाडी मिळाली. माणूस कष्टाळू, दारूला शिवत नाही. पण मनात एक काटा.

खोडाळ्याच्या बाजारात गाडी शिरली की लोक म्हणायचे, "मंगेशची गाडी आली." चढावर गाडी धापा टाकायला लागली की मागं बसलेलं कोणीतरी म्हणायचं, "मंगेश असता तर उचलली असती." अहो, मी पण एकदा बोललो. बोनेट उघडून सहज म्हणालो, मंगेशच्या हाताखाली ही गाडी गायीसारखी होती. भावेशचं तोंड असं झालं की मला जीभ चावावीशी वाटली.

"जित्या माणसाशी भांडता तरी येतं काका," तो म्हणाला. "याच्याशी कसा भांडू?"

जळत होता बिचारा. मेलेल्या माणसावर जळत होता. आणि मेलेल्याचं एक बरं असतं, त्याची चूक कोणी काढत नाही.

मग दसऱ्याच्या पुढं नवं खायचा दिवस आला. नव्या भाताचं पहिलं पान पितरांना, हे तुम्हाला माहीत आहे. कमूनं सासऱ्यांचं पान मांडलं, आजीचं मांडलं आणि मंगेशचंही मांडलं. भावेशनं ते तिसरं पान उचललं आणि दाराबाहेर कोंबड्यांपुढं टाकलं.

"या घरात एकच नवरा जेवंल," म्हणाला.

त्यानंतर कमू त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

चौथ्या दिवशी गाडीच्या मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला.

माझ्याकडं आणली. स्कॅनर लावला, एका सेन्सरचा कोड आला. सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा गेला. दोन दिवसांनी पुन्हा हजर. दुसऱ्यांदा अख्खी वायरिंग तपासली, अर्थिंग घासून साफ केलं, सगळे कपलर काढून बसवले. गेला. पुन्हा हजर. तिसऱ्यांदा, कमूही गाडीत बसलेली होती, स्कॅनर लावला तर आत कोडच नाही. कोड नाही आणि दिवा चालू, म्हणजे अंगात ताप नाही आणि माणूस कण्हतोय. बत्तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "भावेश, एक काम कर. दिवा कधी लागतो ते लिहून ठेव. कुठं, कितव्या गिअरला, गाडीत माल किती."

पंधरा दिवसांनी वही घेऊन आला. चढ असो, उतार असो, गाडी भरलेली असो की रिकामी, कशाचा कशाला मेळ नाही. एकच गोष्ट सारखी. कमू शेजारी बसली की दिवा लागतो. ती उतरली की जातो.

मला वाटलं सीटखालची वायर दबत असेल. कमूच्या वजनाचं भाताचं पोतं सीटवर ठेवून जव्हारात दोन चकरा मारल्या. काही नाही. मग पुष्पलताला बसवलं, आमच्या हिला. वजनाची चिंता नव्हती, पोत्याला भारी आहे. तरी काही नाही.

भावेश ओठ दाबून उभा होता. "तो बघतोय काका. मी तिच्याशेजारी बसलेला त्याला बघवत नाय."

"अरे, गाडी आहे ती."

"मग काढा तो बल्ब."

मी काढायला नको होता. पण माझंही डोकं उठलं होतं. मीटर खोलला, मागचा बारका बल्ब उपसला आणि माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला. नुसतं भोक राहिलं. ही शनिवारची गोष्ट.

आणि रविवारी रात्री साडेनऊला तो खोडाळ्याहून निघाला. पोती मागच्या हौद्यात, कमू शेजारी. चांदणं इतकं की कापलेल्या शेतातले बुडखे दिसत होते. गाव मागं पडलं. कमू बाहेर बघत बसलेली. भावेशनं झोडणीचं विचारलं. ती "हां" म्हणाली. बहिणीचं विचारलं. "बरी हाय."

पहिला उतार संपला आणि मीटरमध्ये दिवा लागला.

पिवळा. स्वच्छ. जिथं बल्ब नाही तिथं.

भावेशनं हात लावून पाहिला. काच कोमट होती...

आता दुसरा कोणी असता तर घाबरला असता. हा चिडला. घाबरायला सवड मिळू नये इतका चिडला. गाडी थांबवली. कमूला म्हणाला, "उतर. मागं जाऊन बस."

"थंडी हाय."

"बस म्हटलं ना."

ती उतरली. मागं चढली, पोत्यांवर बसली. हौद्याची फळी लागल्याचा आवाज आला.

दिवा विझला.

भावेश मला नंतर म्हणाला, "काका, मी हसलो. म्हटलं, जिंकलो."

गाडी निघाली. अर्धा किलोमीटर गेली असेल. मागून आवाज आला. कमू बोलत होती. हळू. थांबून थांबून, समोरच्याचं ऐकत बोलावं तसं. मग हसली.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिचं असं हसणं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. चांदण्यात कमू पाठमोरी बसलेली. मान एका बाजूला कलती. टेकलेली. पण त्या बाजूला पोतं नव्हतं. काहीच नव्हतं.

...

ब्रेक मारला. खाली उतरला. मागं गेला.

"कोणाशी बोलत होतीस?"

कमूनं वर पाहिलं. तोंडावर अजून हसू होतं.

"कोणाशी म्हणजे? तुझ्याशी."

"माझ्याशी?"

"तूच नाय का येऊन बसलास मगाशी? मी विचारलं, गाडी कोण चालवतंय? तर नुसता हसलास. म्हणालास, चालेल तिची ती." ती थांबली. "आज किती दिवसांनी गोड बोललास रे..."

"कमू. मी पुढं होतो. मी गाडी चालवत होतो."

तिचं हसू हळूहळू गेलं. शेजारी पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं. ती किंचाळली नाही. रडली नाही. भावेशला तेच सगळ्यात जास्त लागलं. तिनं नुसता पदर ओढून घेतला. आणि म्हणाली,

"चल. गाडी चालव तू."

घर येईपर्यंत ती मागंच बसली.

सोमवारी सकाळी दोघं माझ्या दारात. मी मीटर खोलला. भोक रिकामं. आजूबाजूची धूळसुद्धा जागची हललेली नाही. बल्ब माझ्या ड्रॉवरमध्ये होता तसा. पुन्हा बसवून दिला. तेव्हापासून आजपर्यंत तो दिवा एकदाही लागलेला नाही. कमू शेजारी बसली तरी लागणार नाही बहुतेक. पण ते कळायला ती शेजारी बसायला हवी ना. भावेश दर वेळी पुढचं दार उघडून धरतो, चांगलं विनवतो. ती म्हणते, मागं वारा बरा लागतो. आणि फळीवर पाय देऊन चढते.

यंदा त्यानं तिसरं पान स्वतःच्या हातानं मांडलं. तरीही.

एक राहिलं. त्या सोमवारी मी मीटरचे स्क्रू आवळत होतो, तेव्हा कमू दारात पाठमोरी उभी होती. आदल्या रात्रीचीच साडी अंगावर. डाव्या खांद्यावर, पदरावर, चुन्याची पांढरी बोटं उमटलेली होती. चार. आणि ती वळली तेव्हा दिसला, पुढून अंगठा. तंबाखू मळता मळता कोणी हात टाकावा, तशी.

भावेश तंबाखू खात नाही.

कमूनं ती साडी अजून धुतलेली नाही.