काळेवाडीची कोरी साइट

"ज्यांनी विश्वासानं सगळं सांगितलं, त्यांचं सगळंच पुसून टाकलंय कोणीतरी, मॅडम."

खुर्चीत बसण्याआधीच श्रद्धा बोलून गेली. निगडी प्राधिकरणातल्या आपल्या छोट्या डिटेक्टिव्ह ऑफिसात विजयश्रीनं तिला आधी पाणी दिलं, मग वही मिटून बाजूला ठेवली. ऐकताना तिला लिहिलेलं चालत नसे.

शेजारी हिंदुराव बसले होते. चाकणच्या कारखान्यांच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून त्यांनी उमेदीचा काळ घालवला होता. निवृत्त झाल्यावर ते विजयश्रीच्या तपासात तिच्याबरोबर हिंडत. चेहरा एकदा पाहिला की विसरत नसत. कॉम्प्युटरपुढे मात्र त्यांची मती गुंग व्हायची.

श्रद्धाची हकिकत सरळ होती. तिचे वडील ज्ञानदेव यांची बोटं पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली गेली. त्यानंतर तिनं एक वेबसाइट काढली. चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत ज्यांचे हात जायबंदी झाले, ते कामगार तिथं आपला अपघात लिहीत. नाव छापायचं नाही, विचारायचंही नाही, असा पहिल्यापासूनचा नियम. गुरुवारी कामगार खात्यापुढे एका कंपनीची सुनावणी होती. उत्पादन वाढावं म्हणून मशीनचे हात वाचवणारे गार्ड काढून ठेवल्याची तक्रार होती आणि पुरावा म्हणजे ही साइट. सोमवारी सकाळी साइट उघडली, तर पान कोरं!

"कुठून पुसली?"

"साइट जिथं भाड्यानं ठेवलीय, त्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधून. साइटचा सगळा कारभार तिथूनच चालतो. फाइल्स, डेटाबेस, बॅकअप, ईमेल, सगळं एका जागी. रविवारी संध्याकाळी कोणीतरी माझ्या नावानं आत शिरलं. आमच्याच ऑफिसच्या इंटरनेटवरून! आणि मी बाबांना घेऊन देहूरोडच्या बुद्ध विहारात होते."

"काय काय गेलं?"

"फाइल्स, डेटाबेस, बॅकअप. ईमेल तेवढे शाबूत आहेत. आता त्यांच्यावरच भिस्त. आम्ही कामगारांच्या ओळखीतून सगळ्यांना निरोप धाडलाय, की आपली हकिकत नाव, कंपनी, फोन नंबरासकट ईमेलवर परत पाठवा. काहींनी पाठवलीही."

विजयश्री ताठ झाली. "नावासकट? हे कोणी सुचवलं?"

"साइटचं काम बघणारे आम्ही चौघं बसलो होतो. मी, वर्षाली, निरंजन आणि सुजित. बोलता बोलता ठरलं."

"ज्यांनी अजून लिहिलं नाही, त्यांना त्याच वाटेनं निरोप धाडून थांबवा. आणि त्या मेलबॉक्सला उद्यापर्यंत हात लावू नका. ही गोष्ट आपल्या तिघांतच राहू दे."

श्रद्धा गोंधळून गेली, पण हो म्हणाली.

ती गेल्यावर विजयश्री हिंदुरावांकडे वळली. "तुमच्या फोनवरून त्यांना एक मेल करा. धोंडीबा नावाचा कामगार व्हा. अपघात तुमच्या मनानं रचा."

"खोटं लिहू?"

"अगदी खरं वाटेल असं."

हिंदुरावांनी एका बोटानं टाइप करत अर्धी सकाळ घालवली. धोंडीबाच्या उजव्या हाताला फक्त अंगठा उरला होता. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. लिहिता लिहिता त्यांचेच डोळे भरून आले. गेटवरून ॲम्ब्युलन्समध्ये चढवलेली माणसं त्यांनी कमी पाहिली नव्हती.

*

काळेवाडीत खाली सुजितचं कॉम्प्युटरचं दुकान आणि वर श्रद्धाची खोली, हेच साइटचं ऑफिस. होस्टिंगचं नूतनीकरण सुजितच करायचा.

"विचारा, विचारा," तो तिरसटपणे म्हणाला. "इंटरनेटची वायर माझीच वर गेलीय. चाकणच्या वर्कशॉपवाल्यांच्या साइटही मीच बनवतो. म्हणजे मीच चोर, नाही का? पण रविवारी माझं शटर बंद होतं. सगळी गल्ली सांगेल."

वर वर्षाली भेटली. ज्यांना टाइप करता येत नाही, त्या कामगारांच्या हकिकती साइटवर चढवण्याचं काम तिचं. तिचा भाऊ सुनावणी असलेल्या कंपनीतच सुपरवायझर होता आणि हे तिनं न विचारताच सांगून टाकलं.

"भाऊ तिथं आहे म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. पण नावं मागू नका, असं मी एकटीच भांडले! निरंजन म्हणाला, निनावी कागदाला सुनावणीत कोण विचारतं? सुजितनंही मान डोलावली. मग माझं काय चालणार?"

"श्रद्धाचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे?"

"ठाऊक कशाला लागतोय? या मशीनमध्ये तो साठवलेलाच आहे. मशीन चालू असलं की झालं."

"आणि ते चालूच असतं?"

"बंदच करत नाही. प्रिंटर अडला की निरंजन हिंजवडीत बसून दुरुस्त करतो. इकडे माउस आपोआप फिरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी किंचाळलेच होते!"

हिंदुराव खो खो हसले. विजयश्री मात्र गॅलरीत गेली. समोरच्या चाळीत दुर्गाबाई पापड वाळत घालत होत्या.

"रविवारी कुणी आलं होतं का हो, मावशी?"

"न्हाई बा. दिवसभर कुलूप व्हतं. मी हितंच बसल्याली. पर टीव्ही चालू राह्यला असंल त्यांचा. दिवेलागणीला खिडकीत उजेड हालत व्हता."

"आमच्याकडे टीव्ही कुठाय?" वर्षाली पुटपुटली.

*

हिंजवडीच्या वाटेवर कंपन्यांच्या गाड्यांत त्यांची रिक्षा अडकून पडली. हिंदुरावांनी आपलं मत ठोकून दिलं. "सुजितच. नाहीतर ती सुपरवायझरची बहीण. खोलीची किल्ली तिच्याकडे, इंटरनेट त्याचं."

"दुर्गाबाई काय म्हणाल्या, ते ऐकलंत ना?"

"म्हातारीला दिसत नसंल नीट."

"पापडातला खडा दिसतो त्यांना," विजयश्री म्हणाली.

निरंजननं दोघांचं हसून स्वागत केलं. त्याची स्वतःची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. श्रद्धाची साइट त्यानं कौतुकानं, काही न घेता उभारून दिली होती. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढले होते आणि त्यांत लिहिलं होतं, 'गेट, टूल रूम, प्रेस शॉप, पेंट शॉप'. हिंदुरावांना आपली नोकरी आठवली.

"हजेरीच्या सॉफ्टवेअरचं काम दिसतंय?"

"हो काका, चाकणच्या एका पार्टीचं. नवीनच मिळालंय."

"साइट परत येईल का?" विजयश्रीनं विचारलं.

"अवघड आहे. बॅकअपही पुसलाय आणि होस्टिंगवाले वेगळी प्रत ठेवत नाहीत. पण श्रद्धानं धीर सोडू नये. लोक खमके आहेत. उजव्या हाताला फक्त अंगठा उरलेला माणूस लिहितोय, याहून काय हवं?"

"खरं आहे," हिंदुराव गहिवरून म्हणाले.

विजयश्रीनं चहा संपवला आणि ती उठली. जिना उतरताना ती स्वतःशीच हसली.

*

दुसऱ्या दिवशी काळेवाडीच्या खोलीत सगळे जमले. ज्ञानदेव खिडकीशी बसले होते.

"मी एकाच प्रश्नापासून सुरुवात केली," विजयश्री म्हणाली. "ज्याला पुरावा नष्ट करायचा होता, त्यानं पॅनलमधलं सगळं पुसलं. मग त्याच पॅनलमधले ईमेल का सोडले? कामगारांच्या तक्रारी तर तिथंही होत्या."

"घाईत राहिले असतील," सुजित म्हणाला.

"ज्याला बॅकअप आठवतो, तो ईमेल विसरत नाही. ईमेल त्याला हवे होते. साइट पुसणं हा त्याचा हेतूच नव्हता. साइटवर नावं नव्हती आणि कंपनीला हवी होती नावं! साइट गेली, की घाबरून तुम्ही ती स्वतःच मागाल. आणि तुम्ही मागितलीत."

श्रद्धानं तोंडावर हात ठेवला.

"आता कोण? रविवारी खोलीला कुलूप होतं. दुर्गाबाईंना खिडकीत हलता उजेड दिसला. टीव्ही नाही, माणूस नाही, म्हणजे उजेड या स्क्रीनचा. आत कोणी नसताना हे मशीन कोण चालवतं?"

वर्षालीनं झटकन निरंजनकडे पाहिलं.

"प्रिंटर दुरुस्त करतो म्हणून मी चोर?" निरंजन हसला. "तो पासवर्ड कोणीही चोरू शकतं."

"शकतं ना. म्हणून मी धोंडीबाला पाठवलं. उजव्या हाताला फक्त अंगठा उरलेला माणूस. असा कोणी माणूसच नाही, निरंजन. तो या हिंदुरावांनी माझ्या टेबलाशी बसून रचला. मेल फक्त साइटच्या पत्त्यावर गेला, तो मेलबॉक्स एकटी श्रद्धा उघडते आणि तिनं तो उघडलेलाच नाही. मग तुम्हाला तो अंगठा कुठं दिसला?"

हिंदुराव चमकले. काल तेच वाक्य ऐकून आपण गहिवरलो होतो!

"श्रद्धा, पॅनल उघडा. ईमेलमध्ये फॉरवर्डर म्हणून एक जागा आहे, तिथं जा."

श्रद्धानं क्लिक केलं. पानावर एकच ओळ होती. साइटच्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत गुपचूप एका परक्या पत्त्यावर जात होती. ती ओळ लिहिली गेली होती त्याच रविवारी, साइट पुसल्यानंतर लगेच.

"आणि ते फळ्यावरचं प्रेस शॉप कोणाचं, ते सांगाल की चाकणला जाऊन मी विचारू?"

निरंजनची मान खाली गेली. "त्याच कंपनीचं. त्यांनी सांगितलं, कोणाला काढणार नाही, नुसती समजूत घालू. नाहीतर हजेरीचं काम दुसऱ्याला जाईल. मी... मला वाटलं, एवढ्यानं काही बिघडणार नाही."

ज्ञानदेव पहिल्यांदाच बोलले. "गार्ड काढताना आमचे साहेबही हेच म्हणाले होते, पोरा."

आधी फोटो काढून मग ती ओळ पुसली गेली. त्या पानाचे फोटो जोडून श्रद्धानं पोलिसांत तक्रार दिली. होस्टिंगवाल्यांना विजयश्रीनं आधीच फोन केला होता. त्यांच्याकडे साइटची वेगळी प्रत होती. निरंजन तेही खोटं बोलला होता. संध्याकाळपर्यंत कोरं पान पुन्हा भरलं.

पण आधीच गेलेली नावं परत येणार नव्हती. त्यांत त्याच कंपनीत अजून कामाला असलेल्या शालनबाई गव्हाणे होत्या. हातचं काम जाण्याची भीती त्यांनाच सर्वांत जास्त. श्रद्धानं रडत रडत फोन लावला.

"रडू नगं," पलीकडून आवाज आला. "नाव गेलं तर गेलं. आता चोरून कशाला बोलायचं? मी सोताच येते."

गुरुवारी सुनावणीच्या खोलीत अधिकारी म्हणाले, "बाई, नाव सांगायची सक्ती नाही."

शालनबाईंनी पदर सावरला, उरलेली दोन बोटं टेबलावर टेकवली. समोर कंपनीचे साहेब बसले होते. त्यांच्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "लिवा साहेब. शालनबाई गव्हाणे. प्रेस शॉप, पहिली शिफ्ट."

मागच्या बाकावरून आणखी एक माणूस उठला. मग आणखी एक. अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं, नवा कागद ओढला आणि कारकुनाला आणखी खुर्च्या आणायला सांगितल्या.