दुपारची कूस

२०२४ सालचा एप्रिल. रमजान ईद होऊन दहा दिवस झाले होते. आमच्या अंथुर्णे गावात ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा कालव्याच्या कडेचा ओलावा सोडत नव्हती.

मी बाबूलाल. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचं हाड मोडून अडीच महिने खाटेवर होतो. पाठीला जखम झाली होती. डॉक्टर माझ्या मुलाला, फिरोजला म्हणाले, "दर दोन तासांनी कूस बदला. जखम हाडाला लागली तर म्हातारा जाईल."

फिरोज आणि सून शाहीन दिवसभर दुकानात. म्हणून झारखंडची एक विधवा बाई घरात ठेवली. मुबशिरा. पन्नाशीची. परक्या बाईनं अंगाला हात लावायचा, हे मला पटेना.

"हात लावू नगो."

"मग सडा, अब्बा." मराठी नवीनच शिकत होती, पण एवढं बरोबर बोलली.

ती "एक, दोन" मोजायची आणि दोनलाच वळवायची. तीनची वाट बघताना माणूस अंग आखडतो, म्हणायची. मग गुडघ्यांमध्ये उशी, पाठीला मोहरीचं तेल. दोन महिन्यांत जखम भरत आली. मी तिला एकदाही बरं म्हटलं नाही.

त्या सकाळी ती न्हाणीत कोसळली. फिरोज आणि शाहीननं तिला गाडीत घातलं.

"बारामतीला नेतो, अब्बा. लगेच येतो." बाहेरून कडी लागली.

माझं तोंड भिंतीकडं होतं. थोड्या वेळानं वीज गेली. पंखा थांबला. पाठीखाली आग सुरू झाली. हाका मारल्या, पण शेजारी रानात. दुपारची, जोहरची अजान झाली तरी कुणी आलं नाही. आता जखम फाटणार, हे मला कळलं.

तेवढ्यात मागं फरशीवर पाय घासला. मोहरीचा वास आला.

"मुबशिरा? आलीस व्हय?"

खांद्यावर हात पडला. एप्रिलची दुपार, आणि हात माठाच्या बुडासारखा गार.

"एक..." अगदी कानाशी. मानेला श्वास लागला नाही. "दोन..."

मी वळलो. समोर दार. बंद. खोलीत कुणी नव्हतं. गुडघ्यांमध्ये उशी होती.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या अजानआधी पुन्हा पाय घासला. या खेपेला मी डोळे मिटून घेतले, आणि "दोन"ला पुन्हा भिंतीकडं वळलो. भ्यालो, खोटं सांगणार नाही. पण पाठीची आग विझली होती.

"लई उपकार, बाई," मी भिंतीला म्हटलं. असं मी आयुष्यात फार कुणाला म्हटलेलं नाही.

दिवस बुडताना कडी वाजली. फिरोज दारातच उभा राहिला.

"मुबशिरा गेली, अब्बा. सकाळीच. बारामती यायच्या आधी, वाटंतच. मग कागद, पोलीस... तुमची पाठ..."

शाहीननं माझा सदरा वर केला आणि हात मागं घेतला.

"अब्बा... तेल कुणी लावलं? अजून ओलं हाय."



तिच्या भावाला यायला दोन दिवस लागणार होते. तिथंच दफन करा, तो फोनवर म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला खुर्चीत बसवून कब्रस्तानात नेलं. तिथं अडलं. बाईला कबरीत नात्यातला पुरुष उतरवतो. हिचं इथं कोण?

"मी बाप हाय," मी म्हणालो.

"अब्बा, तुमचा पाय..."

"उतरव मला."

दोघं खाली उतरले, दोघांनी वरून काखेत धरलं. खुबा ठणकला. गुडघ्यावर बसलो. मय्यत खाली आली. तिचं तोंड पश्चिमेला करायचं होतं. ते काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून मुबशिराला मी उजव्या कुशीवर वळवलं.