फाइलीत नसलेलं

दिल्सियाशी लग्न केलं तर एव्हेलिओच्या पदरात काय काय पडेल, याचा हिशोब ओनोरिना मावशीने त्याला पाहिलं त्याच दुपारी मांडला. भाची जन्माने अमेरिकन, वकीलबाईंकडे नोकरीला. आणि हा होंडुरासच्या डोंगरातला, आश्रयाचा अर्ज फेटाळलेला, हद्दपारीचा हुकूम डोक्यावर. "असल्यांचं प्रेम फार लवकर जमतं हो," मावशी पोळ्या शेकता शेकता म्हणाली.

दिल्सियाला तो भेटला ऑफिसच्या जिन्यात. न्यू ऑर्लिन्सच्या पावसात चिंब. कागद मात्र शर्टाच्या आत, कोरडे ठणठणीत. तिला ते आवडलं... म्हणजे, कागदांची काळजी.

"भावाचे आणखी फोटो आणलेत."

"वरच्या कोर्टात नवीन काही चालत नाही. खाली मांडलं होतं तेवढंच."

"मग जाऊ मी?"

"तुम्ही — बसा. शर्ट वाळेपर्यंत."

लाकूडचोरांविरुद्ध साक्ष दिली म्हणून त्याच्या भावाला मारलं होतं. पुढचा नंबर याचा. पण भाऊ डिसेंबरात, सांता लुसियाच्या सणाच्या दिवशी मेला असं हा सांगे, आणि मृत्यूच्या दाखल्यावर जानेवारी. खालच्या न्यायाधीशाने त्याला सरळ खोटारडा ठरवलं.

पानांना नंबर घालताना चारशे बाराव्या पानावर दिल्सिया थबकली. गावच्या सुईणीचा जबाब: कॉफी विकायला कुणी खाली शहरात उतरेल तेव्हाच मेल्याची नोंद होते, आणि कारकून त्या दिवसाची तारीख टाकतो. निकालात या पानाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

"हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलं?"

"आमच्याकडे सगळे असंच करतात. त्यात सांगायचं काय?"

वकीलबाईंनी त्या पानावरच अपील उभं केलं. अकरा महिने एव्हेलिओ दर शुक्रवारी चौकशीला यायचा. दिल्सिया कानातले शुक्रवारीच घालायची. शेवटी तो एकदा घरी जेवायला आला, तेव्हा मावशीचाच धीर सुटला.

"काय रे, विचारत का नाहीस तिला? कागदही होतील तुझे."

त्याचे कान लाल झाले. "कोर्टाच्या लेखी मी खोटारडा आहे, ओनोरिनाबाई. खोटारड्याने विचारलं, तर तिने खरं काय धरायचं? आधी तो शब्द पुसला जाऊ दे."

दाराआड दिल्सिया बशी घेऊन उभी होती. इतका ताठ माणूस तिने पाहिला नव्हता. मावशीनेही नाही, त्या दिवशी तिने त्याला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

निकाल बुधवारी आला.

"जिंकलो?"

"अर्धे. ते पान न वाचता दिलेला निकाल रद्द. खालच्या कोर्टात पुन्हा उभं राहायचंय... पण या वेळी तुमचं म्हणणं नीट ऐकावं लागेल, असा हुकूम आहे."

"मग तुम्हीच आधी ऐका. फाइलीत नसलेलं आहे." तो घुटमळला. "कागद माझे मी मिळवीन. लग्न त्यानंतर. चालेल... तुला?"

"लग्न चालेल. थांबायचं किती, ते मी ठरवणार."

संध्याकाळी वकीलबाईंनी फाइल मागितली. "नवऱ्या मुलाच्या केसला नवरी हात लावत नाही, बाई."

त्या निकालाने हद्दपारीतून तूर्त सुटला एव्हेलिओ, फुशारली मावशी. किंमत मोजली दिल्सियाने. सहाशे पानं, एकेक तिच्या हातची, तिने शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली. शिवाय पुढच्या सुनावणीला तिला बाहेरच्या बाकावर बसावं लागणार होतं, आत काय चाललंय ते न कळता — इतर अर्जदारांच्या बायकांसारखं.