नदीपलीकडची तिसरी हाक

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. सांगितली असती, तर फिरत फिरत ती माझ्या बहिणीच्या कानावर गेली असती.

आणि तिला हे कळता कामा नये.

कुणी विश्वास ठेवो न ठेवो. मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, खोटं सांगून मला आता काय मिळवायचंय? जे झालं ते माझ्या बाबतीत झालं.

१७ फेब्रुवारी १९९४. गुरुवार. दुपारचे सव्वातीन.

आमच्या सेर्राल्तो गावचं थिएटर.

मी व्हिल्मा. त्या थिएटरच्या दप्तरात मी एकवीस वर्षं नोकरी केली. जुन्या जाहिराती, पात्रांच्या याद्या, गायिकांची पत्रं, सगळं माझ्या ताब्यात. माझी धाकटी बहीण निव्हेस ऑपेरात गायची. पंधरा वर्षं तिनं दासी, शेजारीण, दुसरी मैत्रीण असली कामं केली. त्या वर्षी पहिल्यांदा तिला मुख्य भूमिका मिळाली, आणि तीही आमच्याच गावात.

ऑपेराचं नाव 'इल ग्वादो'. नदी पायी ओलांडायची जागा असते ना, ती. आमच्याच गावच्या एव्हारिस्तो त्रोव्हारेल्लीची ती एकमेव गाजलेली रचना. गोष्ट साधी आहे. लिव्हिया नावाची नवरी नदीकाठी नवऱ्याची वाट बघतेय. पलीकडच्या अंधारातून एक बाई तिला हाक मारते. दोनदा. लिव्हिया ओ देत नाही. मग पहाट होते, नवरा येतो, पडदा पडतो.

हाका दोनच. त्रोव्हारेल्लीच्या हातच्या वहीत दोनच लिहिल्यात, मी स्वतः मोजल्यात.

त्या वेळी मला प्रयोगांचा इतिहास लिहायला सांगितला होता. प्रेक्षकांना वाटायच्या पुस्तिकेसाठी, चार पानं. कधी झाला, कुठे झाला, कोण गायलं.

१८९१, पहिला प्रयोग, आमच्या थिएटरात. लिव्हिया झाली होती क्लोरिंदा बासेत्ती. प्रयोग संपल्यावर लोकांनी तिच्या बग्गीचे घोडे सोडले आणि बग्गी स्वतः ओढत चौकापर्यंत नेली. मग ऑपेरा बाहेर गेला. त्रिएस्ते, तोरीनो, पार समुद्रापलीकडे ब्यूनॉस आयरेसला. १९२६ साली पुन्हा आमच्याकडे, पिएरीना तोल्लोई. १९५८ साली एर्सिलिया गांबेरीनी.

बाहेरगावी लिव्हिया झालेल्या बायका म्हातारपणापर्यंत गायल्या. एक तर साठाव्या वर्षी गात होती.

आमच्याकडच्या तिघी मात्र...

क्लोरिंदा. 'विवाहानिमित्त रंगभूमीचा त्याग.'

पिएरीना. 'घशाच्या विकारामुळे निवृत्ती.'

एर्सिलिया. 'खाजगी कारणास्तव.'

वर्तमानपत्रांत होतं तसं मी उतरवून घेतलं होतं. एका सकाळी तिन्ही कात्रणं टेबलावर शेजारी शेजारी पडली होती. सहज तारखांकडे लक्ष गेलं.

तिघींचा आमच्या थिएटरातला पहिला प्रयोग हाच तिघींचा शेवटचा होता.

त्यानंतर त्या कुठेच गायल्या नव्हत्या. एकदाही नाही.

एर्सिलिया अजून जिवंत होती. आंकोनाजवळ समुद्रकाठच्या वृद्धाश्रमात. रविवारी साखरेत घोळवलेल्या चेस्टनटचा डबा घेऊन मी तिला भेटायला गेले. मोठी गोड म्हातारी. चाळिशीत असते तशी बांधलेली केसांची गाठ, ओठांना लाली. आधी डबा उघडला, मग माझ्याकडे बघितलं.

"पुस्तिकेत माझा फोटो छापणार असाल तर डाव्या बाजूनं छापा हं. उजवीकडून मी घोडीसारखी दिसते."

मी हसले. मग विचारलं, "सिन्योरा, तुम्ही गाणं का सोडलंत?"

ती चेस्टनट चघळत राहिली.

"तुमच्याकडे लिव्हिया कोण होतेय?"

"माझी बहीण."

तिनं डब्याचं झाकण लावलं. अगदी हळू.

"हाका किती आहेत, माहीत आहे ना तुला?"

"दोन."

"माझ्या वेळी तीन आल्या."

मला वाटलं, वय झालंय, गोंधळ होतोय. पण तिची नजर अगदी स्वच्छ होती.

"हाका मारणारी मुलगी विंगेत माझ्या समोरच उभी होती, पोरी. दोन हाका मारल्या आणि पाणी प्यायला लागली. पेला तोंडाला लावलेला मी बघत होते... आणि तिसरी हाक आली. लिव्हिया नव्हे. 'चिया.' मला चिया म्हणणारी एकच. माझी आई. ती जाऊन सहा वर्षं झाली होती."

"मग?"

"मग काय? आईनं हाक मारल्यावर माणूस काय करतं? मी ओ दिली."

बाहेर समुद्राचा आवाज येत होता.

"आवाज गेला नाही माझा. बोलतेय बघ ना, थांबायचं नाव नाही. गाणं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडलं तर एक सूर लागेना. छत्तीस वर्षं झाली. साधं अंगाईगीत म्हणता आलं नाही मला नातवंडांसाठी." तिनं माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी होती. "तिला सांग, तिसऱ्या हाकेला ओ द्यायची नाही. कुणीही असो."

त्या संध्याकाळी मी निव्हेसला सांगितलं. ती स्वयंपाकघरात मध घातलेलं गरम पाणी पीत बसली होती.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "आता भुतानं तुला पगारावर ठेवलंय का?"

"थट्टा नकोय, निव्हेस."

"अगं, रंगीत तालीम सतरासारख्या अशुभ आकड्याच्या तारखेला ठेवलीय, तेवढं पुरे नाही का? काल तू थिएटरात त्या अपशकुनी जांभळ्या रंगाचा स्कार्फ घालून आलीस. वाद्यवृंदातले निम्मे लोक तुझ्याकडे बघून, अपशकुन टळावा म्हणून, खिशातल्या लोखंडी किल्ल्या चाचपत होते. आणि आता हे!"

"फक्त वचन दे. तिसरी हाक आली तर तोंड उघडू नकोस."

"व्हिल्मा, पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या मागं ताटं घेऊन उभी राहिलेय. आता मला लिव्हिया मिळालीय, तर साक्षात पोपनं हाक मारली तरी मी ओ देणार नाही. झालं समाधान?"

मी माएस्त्रोंनाही, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकांनाही, सांगून पाहिलं. ते खूप हसले. मग म्हणाले, "छान आहे, पुस्तिकेत घाला. तिकिटं खपतील."

मी ते पुस्तिकेत घातलं नाही.

सतरा तारखेला गावात दाट धुकं होतं. थिएटरात मोजकी माणसं. खुर्च्या रिकाम्या, वरचे बॉक्स काळोखात. मी विंगेत उभी होते, अगदी दीनाला चिकटून. दीना म्हणजे नदीपलीकडच्या हाका मारणारी मुलगी. मुद्दाम तिच्याजवळ उभी राहिले होते. तिचे ओठ मला दिसायला हवे होते.

तिसरा अंक सुरू झाला.

निव्हेस निळ्या उजेडात एकटी उभी राहिली आणि गायला लागली.

काय सांगू... मी तिला तिच्या जन्मापासून ऐकत आलेय. पण तसं गाताना कधीच ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या आवाजात आलं होतं. मी भीती विसरले. डोळे भरून आले.

दीनानं पहिली हाक मारली. "लिव्हिया..."

निव्हेस गप्प. वाद्यं गप्प.

दुसरी हाक. "लिव्हिया..."

निव्हेसनं मान फिरवली, जशी फिरवायची होती तशीच. दीनानं वही मिटली.

मी दीनाच्या ओठांकडे बघत होते. मिटलेले.

मी श्वास रोखला. एक... दोन... तीन...

काहीच नाही.

माएस्त्रोंनी हात उचलला. पहाटेचं संगीत सुरू होणार होतं. मी सुटकेचा श्वास सोडला...

आणि हाक आली.

"व्हिल्मा!"

निव्हेसचा आवाज. लहानपणी विहिरीच्या काठावरून घसरली होती, तेव्हा मला जशी हाक मारली होती, अगदी तशी. घाबरलेली. माझ्या पाठीमागून, अंधारातून.

आणि निव्हेस तर समोर उभी होती. पाठमोरी.

विचार करायला वेळच मिळाला नाही. आठवडाभर मी तिला बजावत होते. तिला!

माझ्या तोंडून निघून गेलं,

"ओ! आले!"

सगळं थिएटर थांबलं.

"कोण आहे तिकडे?" माएस्त्रो कडाडले. "कोण ओरडलं?"

दीना माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. तिनं काहीच ऐकलं नव्हतं. कुणीच नाही. सगळ्यांनी ऐकला तो फक्त माझा आवाज.

निव्हेस कमरेवर हात ठेवून वळली. "वा! मला तोंड बंद ठेवायला सांगून स्वतःच!"

सगळे हसले. माएस्त्रोंनी मला बाहेर काढलं नाही, ही त्यांची कृपा. "पुन्हा. लिव्हियाच्या गाण्यापासून."

वाद्यं सुरू झाली. निव्हेसनं छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

मला वाटलं, ती सुरुवात विसरली.

मग दिसलं... तिचे ओठ हलत होते. गळ्याची शीर ताणली होती. दीना डोळे मिटून डोलत होती.

मला व्हायोलिन ऐकू येत होतं. बासरी ऐकू येत होती. खुर्ची करकरल्याचं ऐकू येत होतं.

निव्हेस ऐकू येत नव्हती.

कानाचे तीन डॉक्टर झाले. बोलोन्यापर्यंत जाऊन आले. कान ठणठणीत. ती बोलते ते ऐकू येतं, हसते ते ऐकू येतं, शिंकते तेही. गायला लागली की... काही नाही. रेकॉर्डवरसुद्धा नाही. वाद्यांच्या मध्ये तिच्या आकाराचं एक भोक.

तिचा प्रयोग गाजला. त्यानंतर ती वीस वर्षं गायली, मोठमोठ्या थिएटरांत. प्रत्येक वेळी मी पहिल्या रांगेत बसले. लोक उठायचे तेव्हा उठले, लोक रडायचे तेव्हा रुमाल काढला.

"कसं झालं?" ती विचारायची.

"आजवरचं सगळ्यात छान," मी सांगायची.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या एकत्र राहतो. ती रस्सा ढवळताना गुणगुणते. तिचे खांदे हलतात, त्यावरून मला कळतं.

इथवर मी निभावलं होतं. पण गेल्या हिवाळ्यात...

शनिवार होता. निव्हेस बाजारात गेली होती. मी खिडकीत बसून विणत होते. आणि स्वयंपाकघरातून गाणं आलं.

लिव्हियाचं गाणं. निव्हेसचा आवाज. त्या दिवसासारखाच, तरुण.

माझ्या हातातल्या सुया खाली पडल्या. एकतीस वर्षांनी! मी धावत दारापर्यंत गेले.

स्वयंपाकघर रिकामं होतं.

गाणं चालूच होतं. चुलीजवळून. जिथं ती उभी राहते, तिथून.

मी पळून जायला हवं होतं. दार लावून शेजाऱ्यांना बोलवायला हवं होतं. अंगावर काटा होता.

पण मी चौकटीला धरून उभी राहिले. शेवटच्या सुरापर्यंत.

तेव्हापासून दर शनिवारी ते येतं. निव्हेस घराबाहेर पडली, की लगेच. आता चुलीजवळून येत नाही. टेबलाजवळून येतं. मागच्या शनिवारी तर माझ्या खुर्चीच्या अगदी मागं होतं...

मला भीती वाटते. रात्री झोप लागत नाही, इतकी वाटते.

आज सकाळी निव्हेस म्हणाली, "गुडघा फार दुखतोय गं. उद्या शनिवार ना? उद्या नाही जात बाजारात."

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते अशी. घरात भाजी नाही म्हणाले, अंडी नाहीत म्हणाले.

ती बघतच राहिली. मग बिचारी म्हणाली, "बरं बाई, जाते."

टोपलीभर अंडी आहेत घरात.