कुंपणापलीकडचं विष

"पळा! वर चढा!" कॅप्टन ओरडली.

भोपळ्यानं मिरचीला बखोटीला धरून चाऱ्याच्या ढिगावर ढकललं आणि मागोमाग स्वतः उडी मारली. त्याच क्षणी तांबडी गाय गोठ्याचं फाटक मोडून अंगणात घुसली! तोंडाला फेस, डोळे फिरलेले. कालपर्यंत मिरचीच्या हातून कोबीची पानं खाणारी गाय आज दिसेल त्याला धडका देत सुटली होती. दुधाची किटली उडाली, सायकल चेपली, आणि नेमका तेव्हाच मामा मध्ये आला.

धाड! मामा भिंतीवर आपटला. गाय पुन्हा वळली, चार पावलं आली आणि गुडघ्यांवर कोसळली. पाय झाडले. मग तेही थांबले.

"मेली?" मिरचीनं विचारलं.

सुट्टीला मामाकडे आलेल्या या तीन मावसभावंडांनी या आठवड्यात पाहिलेला हा दुसरा मृत्यू. आधीच्या गाईलाही असाच ताप चढला होता आणि तिची लघवीही अशीच चहासारखी लाल झाली होती.

मामा बरगड्या धरून उठला. "विष! त्या मिशाळानं विष घातलंय!"

मिशाळ म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी. भरघोस मिशा आणि त्याहून भरघोस राग. हद्दीवरून दोघांचं कधीचं वाकडं होतं.

"आधी डॉक्टरीणबाईंना बोलावू या," मामी म्हणाली.

"डॉक्टर काय करणार? आता इलाज मीच करतो!" मामानं कोपऱ्यातली पहार उचलली आणि गड्यांना हाका मारत निघाला. मामीनं कपाळावर हात मारला आणि फोन लावायला आत धावली.

"हा डोकं फोडणार कुणाचं तरी!" भोपळ्या पुटपुटला.

"म्हणून आपण आधी पोचायचं," कॅप्टन म्हणाली. "विष असेल तर बाटली असेल, पुडी असेल. चला!"

तिघं तारेखालून सरपटत पलीकडे गेली. भोपळ्याचा सदरा तारेत अडकला. "पोट आत घे!" "घेतलंय! हेच आत घेतलेलं आहे!"

मिशाळकाकांच्या गोठ्यात बाटली नव्हती की पुडी नव्हती. तिथं एक कपिला गाय आडवी पडली होती. खाली लाल लघवीचं थारोळं. आणि एवढा दांडगा माणूस तिचं डोकं मांडीवर घेऊन ढसाढसा रडत होता!

भोपळ्याच्या पायाखाली काडी मोडली. दुसऱ्या क्षणी त्याची कॉलर काकांच्या मुठीत होती आणि दुसऱ्या हातात विळा.

"हेरगिरी करता? जाऊन सांगा तुमच्या मामाला, त्यानं विष घातलेली गाय अजून मेली नाही म्हणून!"

"मामानं? काका, तो तर म्हणतो तुम्ही घातलं!" कॅप्टन एक पाऊलही मागे सरली नाही. "आमच्याही दोन मेल्या. अशाच. लाल लघवी होऊन."

मूठ जराशी सैल झाली. भोपळ्यानं कशीबशी मान सोडवली.

मिरची तोवर गाईजवळ जाऊन बसली होती. "काका, हिच्या कानात एवढे करडे वाटाणे कसले हो?"

"वाटाणे नाहीत, गोचिडी आहेत. रक्त पिऊन फुगलेल्या. जनावराला असायच्याच."

कॅप्टन वाकून बघू लागली. कानात, आचळांजवळ, शेपटीखाली नुसता बुजबुजाट! "अशाच गोचिडी मामाच्या नव्या गाईवर आहेत! गेल्या महिन्यात बाजारातून आणली ना, तिच्यावर! आणि ती रोज कुंपणाशीच बांधलेली असते."

"आणि माझी ही तारेतून मान घालून तिचाच चारा ओढते," काका पुटपुटले. मग मान झटकली. "छट्! गोचिडीनं कुठं गाय मरते?"

बाहेर तार तुटल्याचा आवाज झाला. "बाहेर ये रे खुन्या!"

पुढचं सगळं इतक्या झटकन घडलं की मुलांना ओरडायलाही वेळ मिळाला नाही. मामाची पहार काकांच्या खांद्यावर बसली. विळा मामाच्या दंडावरून फिरला आणि बाही लाल झाली. काकांची दोन्ही पोरं फावडी घेऊन धावली, गडी त्यांना भिडले. दगड सुटले. त्यातला एक मिरचीच्या कपाळावर लागला आणि ती आवाजही न करता खाली बसली.

तिच्या बोटांमधून रक्त ओघळताना पाहिलं आणि कॅप्टनचं डोकं सणकलं.

"भोपळ्या, पाइप!"

गोठा धुवायचा जाड पाइप कुंपणापर्यंत पोचत होता. भोपळ्यानं तो छातीशी कवटाळला, कॅप्टननं धावत जाऊन पंपाचं बटण दाबलं. फस्स! पाण्याचा लोट थेट मामाच्या तोंडावर! पहार सुटली. काका पाठीवर पडले. उठू बघणारा प्रत्येकजण पुन्हा चिखलात लोळला!

"बंद करा!" मामा गुळण्या करत ओरडला.

"आधी मारामारी बंद!" कॅप्टननं पाणी थांबवलं. "मिरचीचं डोकं फुटलंय, बघा! आणि मामा, आत जाऊन बघ. त्यांची गायसुद्धा मरतेय. स्वतःच्या गाईला कुणी विष घालतं का?"

मामा चिखलातून उठला. मिरचीकडे बघितलं, गोठ्यात डोकावला आणि उंबऱ्यावरच थांबला.

तेवढ्यात मामी डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी गाईच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला, गाडीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि कॅप्टनला बोलावलं. "बघ. तांबड्या पेशींत जोडीजोडीनं जंतू दिसतात? गोचिडी चावल्या की ते रक्तात शिरतात आणि या पेशी फोडतात. म्हणून लघवी लाल. जंतूंचा मारा मेंदूपर्यंत गेला, की गाय पिसाळल्यासारखी करते."

"पण नवी गाय तर धडधाकट आहे!" मामा म्हणाला.

"तिचं अंग या रोगाला सरावलंय. तुमच्या गाईंना तो नवा. नवं जनावर आणल्यावर वेगळं बांधलंत? गोचिडी तपासल्यात? औषध फवारलंत?"

मामाची मान खाली गेली. "ऐकतोयस ना?" मामी म्हणाली.

कपिलेला सुई टोचली, मिरचीच्या कपाळाला पट्टी बांधली. मग डॉक्टरीणबाईंनी मामाचा दंड पाहिला. "याला टाके लागतील. पण मी जनावरांची डॉक्टर आहे."

"मग घाला की!" मामी कडाडली. "आज इथं जनावरांशिवाय दुसरं कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी कपिलेनं मान उचलली, त्यानंतर दोन दिवसांनी ती उभी राहिली आणि पाणी प्यायली. मामा आणि काका दोन्ही गोठ्यांतला पेंढा जाळत होते, भिंतींच्या भेगांत औषध फवारत होते. एकाचा हात गळ्यात होता, दुसऱ्याचा खांदा सुजलेला, म्हणून दोघं मिळून एकच पंप चालवत होते. भोपळ्या हातमोजे घालून चिमट्यानं गोचिडी वेचत होता.

काका मिरचीसमोर येऊन उकिडवे बसले. तिच्या पट्टीकडे बघून त्यांच्या मिशा थरथरल्या. "पोरी, आम्हाला रोज दिसत होत्या गोचिडी, पण आम्ही बघत होतो एकमेकांकडे. तुम्ही नसता, तर आज या दोन घरांत कुणीतरी कायमचं आडवं असतं."

मामानं तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि तुटलेली तार जोडायला काकांबरोबर निघाला.