पाच हातांचा चौक

नऊ एप्रिलला सकाळी मी आमच्या पाड्यावर रेशनच्या दुकानात होते. मशीन माझा अंगठा ओळखत नव्हतं. आयुष्यभर भात लावून अंगठ्यावरच्या रेषा झिजल्यात. दुकानदाराने ओल्या फडक्याने बोट पुसलं, मी तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा कुठे पावती निघाली. पावतीवर वेळ छापलेली आहे, अकरा वाजून वीस मिनिटं. मी ती जपून ठेवली आहे, कारण त्याच वेळी मी सव्वाशे किलोमीटर दूर विंचूरला होते असं सांगणारं एक माणूस आहे.

पावती वाचता येते ती मनीषामुळे. माझ्या भावाचा मुलगा चंदर, त्याची ही मुलगी. बारावी झालेली. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आम्हा सहा म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवायची. दिवाळीनंतर मात्र पाड्यावरच्या टोळीबरोबर विंचूरला द्राक्षाच्या कामाला जायची. तिथे बागेच्या मालकाच्या मुलाशी, ज्ञानेशशी, तिचं जमलं.

ते मराठे, आम्ही वारली. त्यांच्या घरात आमच्या माणसाचा कप वेगळा असतो, आणि आमच्या पाड्यावर बाहेर लग्न केलेल्या मुलीला मेली असं समजतात. दोन्हीकडची दारं बंद.

फेब्रुवारीत मनीषा माझ्याकडे आली होती.

"आजी, सही तर कोर्टात करूच. पण चौकाबिगर लगीन झाल्यासारखं वाटायचं नाय मला."

चौक म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर गेरू सारवून, तांदळाच्या पिठाने बांबूच्या काडीने काढतात ते चित्र. मधे देवी, भोवती झाडं, घोडा, नाचणारी माणसं. आमच्या पाड्यावर त्याला पाच बायकांचे हात लागतात. पाच हात लागून चौक पुरा झाला की ते लग्न कोणी मोडत नाही, बापसुद्धा नाही. अर्धा राहिला तर मुलगी अजून बापाची.

"कोण काढंल तुझा चौक?" मी विचारलं.

"तुमी."

मी घाबरले. मला चंदरच्याच शेजारी राहायचं होतं. पण 'नाही' म्हणायचाही धीर झाला नाही. म्हणाले, "आधी चौघी मिळव. पाचवी मी येते."

चौघी मिळणार नाहीत हे मला ठाऊक होतं. तिलाही होतं. ती तांब्याभर पाणी प्यायली आणि गेली.

रेशन आणलं त्याच्या तिसऱ्या दिवशी चंदर जीप घेऊन दारात आला. त्याचे डोळे लाल होते. जीपमध्ये तीन पुतणे आणि काठ्या.

"आत्या, चल. पोरगी नाय. विंचूरला मजुरांच्या खोलीला आतून कडी होती. दार तोडलं तर आत कोन नाय. आन भितीवर चौक हाय."

"चौक?"

"पुरा का अर्धा ते तूच सांग. अर्धा असंल तर जितं असतील तिथून ओढून आनीन. आन मारून टाकली असंल तर..."

नाशिक, निफाड मागे पडलं. विंचूरला रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. सगळ्या वाटेत मी एकच विचार करत होते. मी तिला परत पाठवली. तिचं काही बरंवाईट झालं असेल तर ते माझ्या त्या एका वाक्याने.

खोली बागेच्या टोकाला होती. विटांच्या भिंती, वर पत्रे, खिडकीला गज. होळीला टोळी घरी परतल्यापासून ती रिकामी होती. बाहेर ज्ञानेशचे वडील किशोरराव उभे होते, शेजारी भिंतीला फासायला आणलेली चुन्याची बादली. हवालदार अब्बास दगडावर बसून लिहीत होता.

"आजीबाई, हे तुमच्याच बायकांचं काम," किशोरराव म्हणाले. "कुठं लपवलाय माझा पोरगा?"

"तुझा पोरगा लपवाया आमच्याकडं काय बंगला हाय?" चंदर म्हणाला.

"बसा हो दोघं," अब्बास म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मावशी, मी पंचनाम्यात लिहिलं, भिंतीवर माणसं अंदाजे दोनशे. साहेब म्हणाले, दोनशे माणसं आणि साक्षीदार एक नाही?"

कोणी हसलं नाही. त्याने मला नीट सांगितलं. नऊ तारखेला सकाळी नऊ वाजता राखणदाराने दोघांना खोलीत शिरताना पाहिलं. बाहेर पडताना पाहिलं नाही, पण दुपारी तो जेवायला घरी गेला होता. संध्याकाळी कडी आतून लागलेली. बोटांच्या ठशांसाठी पावडर मारली, कुत्रं फिरवलं, बाग उकरून पाहिली. रक्त नाही, झटापट नाही.

"मला एकच कळत नाही," तो म्हणाला. "दोघं दुपारी पळाली म्हणू. मग आतून कडी कोणी लावली?"

मला दुसरंच कळत नव्हतं. एवढा चौक दोन माणसांच्याने एका दिवसात होत नाही. पाच जणींना पहाटेपासून बसावं लागतं.

मी एकटीच आत गेले.

उन्हाने पत्रा तापला होता, पण आत गार होतं. नव्या तांदळाचा वास होता. जमिनीवर पिठाचे थेंब पडले होते, पाच ठिकाणी, पाच जणी बसतात तसे.

बाईचा हात चौकात ओळखू येतो, तुम्हाला अक्षर ओळखू येतं तसा. मी डावीकडून वाचायला लागले.

ताडाचं झाड. काडी न उचलता एका दमात काढलेल्या फांद्या. असं झाड आमच्या पाड्यावर एकच बाई काढायची. माझी आई.

मी मागे सरकले. डोळे पुसले. पुन्हा पाहिलं.

तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा वेढा, माणसाला माणूस चिकटलेला. माझी काकू.

दुहेरी रेघेची किनार. माझी सासू. तिला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि या तिघींत शेवटी गेली ती तीच.

मग घोडा. मान वळवून मागे बघणारा. असा घोडा माझी थोरली बहीण फुलाबाई काढायची. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तीही परजातीच्या माणसाबरोबर निघाली होती. पाड्यावरच्या माणसांनी तिला अर्ध्या वाटेतून परत आणली. तिने आईचे पाय धरले होते, चौक काढ म्हणून. आईने काढला नाही. काकूने नाही. मीही नाही. त्याच पावसाळ्यात फुलाबाई गेली.

चार हात झाले.

देवीकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

देवीभोवती ठिपक्यांची ओळ होती. ती उजवीकडून सुरू झाली होती. मी उजवीकडून सुरू करते. माझं मोजमाप कधी जमत नाही, शेवटच्या कोपऱ्यात जागा उरत नाही, मग मी तिथे अर्धा ठिपका दाबून बसवते. सासू त्यावरून मरेपर्यंत बोलायची.

कोपऱ्यात अर्धा ठिपका होता.

मी त्यावर बोट ठेवलं. तीन दिवस झाले होते. पीठ ओलं होतं.

मला भीती वाटायला हवी होती. मी मात्र देवळात बसावं तशी जमिनीवर बसले. माझे हात आपोआप जोडले गेले.

"आत्या," दारातून चंदरचा आवाज आला. "पुरा हाय?"

"पुरा हाय."

"कोनी काढला?"

"पाच जणींनी."

"कोन पाच?"

"आपल्याच," मी म्हणाले.

तो आत आला. भिंतीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग वाकून भिंतीच्या पायाला हात लावला, बाहेर गेला आणि अब्बासला म्हणाला, "लिवा सायेब. पोरीचं लगीन झालं. माजी तक्रार नाय." पुतण्यांनी काठ्या जीपमध्ये टाकल्या. किशोरराव काहीतरी पुटपुटले, आत डोकावले, आणि चुन्याची बादली स्वतःच उचलून घेऊन गेले.

दिवाळीनंतर मनीषाचा फोन आला. गुजरातच्या बाजूला आहेत, दोघांना काम आहे. तिचा आवाज ऐकून मी ओट्यावर बसून रडले.

"आजी, तुमी त्या दिवशी आलात, लय उपकार झाले," ती म्हणाली. "आमी नऊला दार उघडलं तर तुमी पाची जणी आत बसलेल्या, भिंत अर्धी भरलेली. आन दुपारी म्हणालात, जा पोरांनो, मागं वळून बघू नका. आमी बाहेर पडलो आन तुमी आतून कडी लावलीत."

पावती माझ्या डब्यात होती. मी तिच्याबद्दल बोलले नाही.

"आजी, पौषात बाळ येईल. बारशाला या. त्या चौघींना पण आणा."

"त्या कशाला येतील एवढ्या लांब?"

"येणार. तुमच्या बहिणीनं पाळणा म्हणायचं कबूल केलंय. त्याच, घोडा काढणाऱ्या. लय हसत होत्या त्या."

फुलाबाईला हसताना मी शेवटचं कधी पाहिलं, ते मला आठवेना.

मी हो म्हणाले. मग चौघींच्या वतीनेही हो म्हणाले.