तुळसाबाईंची वही

“आवशीची वही गेली, तर तिचा अक्षरसुदिक माझ्याकडे उरूचा नाय!” देवबागच्या तुळसाबाई म्हणाल्या.

आईने स्वतः लिहिलेल्या फुगडीच्या गाण्यांची ती एकुलती एक वही काल दुपारी, जुन्या वह्या स्कॅन करून जपणाऱ्या सत्यवान मास्तरांच्या मालवणातल्या खोलीतून नाहीशी झाली होती. तपासाला खासगी गुप्तहेर अक्षया आली होती. सोबत नेहमीप्रमाणे निवृत्त पोस्टमास्तर विश्वेशकाका.

काकांची नजर मात्र टेबलावर खिळली. पंचवीस वर्षांचा पिवळट कंप्युटर आणि त्याला जाड केबलने जोडलेला धिप्पाड स्कॅनर.

“मास्तर, बाजारात नवे मिळतत की!”

“मिळतत. पण जाड वहीच्या शिवणीकडचा अक्षर त्येंका नीट दिसना नाय. ह्येका दिसता.” मास्तरांनी स्कॅनरवरून हात फिरवला. “ह्येचो प्रोग्रॅम नव्या कंप्युटरवर चलना नाय, म्हणान दोघांकाय जपतंय.”

काकांनी उत्साहाने कंप्युटरच्या बटणाकडे बोट नेलं. मास्तरांनी ते हळूच बाजूला सारलं. “आधी स्कॅनर.” हिरवा दिवा लागल्यावरच त्यांनी कंप्युटर लावला.

आत काल सकाळची बत्तीस पानं होती. पुढची गाणी फक्त वहीत. दुपारी दोन्ही यंत्रं बंद करून मास्तर जेवायला गेले. चारला परतले तर वही गायब. मधल्या वेळात दोघंच आत आली होती.

“मी साडेतीनला केर काढला,” मास्तरांची भाची संचिता म्हणाली. “मशीनला हात लावला तर मामा ओरडतो. टेबलावर वही नव्हती.”

शेवटी आत आलेली हीच. काकांनी मनात निकाल देऊन टाकला.

मग कौस्तुभ आला. लोकगीतांचं पुस्तक काढायच्या खटपटीत असलेला. “मी दोनला आलो. मास्तरांना मदत म्हणून कंप्युटर लावला. तो सुरू झाल्यावर स्कॅनर लावला, चार पानं स्कॅन केली आणि वही काचेवर ठेवून निघालो.”

“मधेच कंप्युटर बंद करून पुन्हा लावावा लागला?” अक्षयाने विचारलं.

“छे, एका झटक्यात झालं!”

“पण ती चार पानं आत नाहीत.”

“जुनं धूड ते. साठवली नसतील.”

अक्षयाने दोन्ही यंत्रं बंद केली. मग कौस्तुभने सांगितल्याप्रमाणे आधी कंप्युटर लावला, नंतर स्कॅनर. प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर ओळ उमटली: स्कॅनर सापडला नाही.

“काका, हा कंप्युटर सुरू होताना एकदाच बघतो, आपल्याला कोण जोडलंय ते,” ती म्हणाली. “स्कॅनर तेव्हा बंद असेल, तर नंतर लावून उपयोग नाही. कौस्तुभने इथे एकही पान स्कॅन केलेलं नाही. मग तसं सांगायचं कशाला? तो गेला तेव्हा वही इथेच होती असं ठरावं आणि संशय संचितावर जावा म्हणून. उरलेली गाणी त्याला स्वतःच्या नावावर छापायची होती.”

कौस्तुभची मान खाली गेली. वही त्याच्या स्कूटरच्या डिकीत निघाली.

संचितासमोर काका ओशाळले. “पोरी, माका माफ कर.”

मास्तर लगेच उरलेल्या पानांना लागले. शेवटचं पान कोरं दिसत होतं, पण त्यांनी तेही काचेवर ठेवलं. प्रोग्रॅममध्ये छटा गडद करत गेले, तशी पेन्सिलची विरलेली ओळ वर आली:

‘तुळसा गाता तेव्हा माका बरा वाटता.’

तुळसाबाईंनी ती दोनदा वाचली. मग पदर खोचून त्या उभ्या राहिल्या आणि गाऊ लागल्या.